क्रिस्परने (जीनमध्ये बदल करायचं तंत्र) सिकलसेल (रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार) बरा होतो म्हणे, मग आपल्याकडच्या पेशंटला त्याचा काय उपयोग?

उपचार खरा आहे, २०२३ मध्ये आधी ब्रिटनने मग अमेरिकेने कॅसजेव्ही या क्रिस्पर उपचाराला मंजुरी दिली. पेशंटच्याच स्टेम सेल्स (रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी) काढून त्यातला जीन एडिट करतात, मग बाळ पोटात असताना असतं ते हिमोग्लोबिन परत बनायला लागतं. पण अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर, वर आधी जड केमो, आणि आपल्याकडे हा आजार जास्त कुठे तर गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर, तिथल्या पोरांना हे कोण देणार, खरंच राग येतो. तोवर डॉक्टरांना विचारून हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू ठेवा, स्वस्त आहे, दुखण्याचे झटके कमी होतात. लग्नाआधी दोघांचीही टेस्ट करा, दोघं वाहक (स्वतःला आजार नाही, पण सदोष जीन आहे असे) असतील तर दर बाळंतपणात बाळाला आजार व्हायचा २५ टक्के धोका. काही घरं फक्त मुलीचाच रिपोर्ट मागतात, ते साफ चुकीचं आहे.