परदेशी निघण्यापूर्वी सगळी बचत एकदम बदलून घ्यावी का?

परकीय चलन म्हणजे नेमके काय, आणि परदेशी स्थायिक होण्यापूर्वी सगळी बचत एकदम तिकडच्या चलनात बदलून घ्यावी का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नातूनच दुसऱ्याचे उत्तर मिळते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

परकीय चलनात नोटांचा वाटा अगदी अल्प असतो. परदेशी बँकांतील ठेवी, हुंड्या, धनादेश अशी दुसऱ्या देशाच्या चलनात मिळणारी सारी येणी त्यात मोडतात. आपण पैसे पाठवता तेव्हा आपली बँक आपल्या खात्यातून रक्कम वजा करते आणि तिकडच्या बँकेत त्या देशाच्या चलनात असलेल्या स्वतःच्या खात्यातून, ज्याला नोस्ट्रो खाते म्हणतात, तेवढ्या मोलाची रक्कम आपल्या नव्या खात्यात वळती करवते. स्विफ्ट ही यंत्रणा यात केवळ संदेश पोहोचवते. वाटेतली एखादी बँकही आपले शुल्क कापते; माझी घराची अनामत याच कारणाने कमी भरली आणि ताबा लांबला. नेमकी रक्कम पोहोचायला हवी असेल तेव्हा सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे घेण्याचा पर्याय आधीच निवडावा.

पडद्यावर दिसणारा दर बहुधा खरेदी आणि विक्रीच्या दरांमधला असतो, आणि तो आपल्याला मिळत नाही. 'शुल्क नाही' असे सांगणारे आपला नफा या फरकातच धरतात, म्हणून हाती किती पडेल एवढेच विचारावे. 2022 च्या चलनबाजाराच्या जागतिक पाहणीत सुमारे 88 टक्के व्यवहारांत एका बाजूला डॉलर होता. आपली दोन्ही चलने डॉलरखेरीज असतील तर अदलाबदल बहुधा डॉलरमार्गे होते आणि हा फरक दोनदा सोसावा लागू शकतो.

1973 पासून प्रमुख चलनांचे दर तरते, म्हणजे बाजारात ठरणारे, आहेत. व्याजदर, महागाई आणि आयात-निर्यात यांनुसार ते हलतात, पण त्यांचा अंदाज बांधून संसार उभा करू नये. 15 जानेवारी 2015 रोजी स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने युरोला किमान 1.20 फ्रँक हा दर राखणे अचानक सोडले, फ्रँक एकदम महागला, आणि मिळकत दुसऱ्या चलनात असताना फ्रँकमध्ये गृहकर्ज घेतलेल्या पोलंडमधील कुटुंबांचे देणे रातोरात वाढले.

म्हणून माझे मत असे, की ज्या चलनात देणे आहे त्याच चलनात पैसा ठेवावा. तिकडचे पहिल्या सहा महिन्यांचे भाडे, अनामत आणि खर्च यांपुरती रक्कम आताच बदलून घ्यावी. मागे राहिलेले कर्ज किंवा आईवडिलांसाठीची तरतूद मूळ चलनातच असू द्यावी, आणि उरलेली बचत टप्प्याटप्प्याने न्यावी. एखादे मोठे देणे ठरावीक तारखेला असेल, तर बँकेशी वायदा करार करून दर आजच बांधून घेता येतो. मात्र बचत बाहेर नेण्यावर अनेक देशांत मर्यादा असते, तेव्हा हा नियम तिकीट काढण्यापूर्वी बँकेकडून लेखी मागून घ्यावा.