कोल्हापुरात पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) संशोधनासाठी आमच्या मंडळाला निधी गोळा करायचाय. सुरुवात कुठून करावी?

पैसे कुणाला द्यायचे, हे आधी ठरवा. उपचारांना मदत वेगळी आणि संशोधनाला वेगळी. मेंदूविकारांवर काम करणाऱ्या बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेला पत्र लिहून देणगी संशोधनासाठीच वापरली जाईल का, ते लेखी घ्या. रक्कम थेट संस्थेच्या खात्यात जाऊ दे, कार्यकर्त्याच्या फोनवर नको. देणगीवर आयकरातली ८०जी ची सवलत हवी असेल तर २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख चालत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती मिळतच नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगा. मंडळाच्या नावाने वर्गणी काढणार असाल तर धर्मादाय कार्यालयात चौकशी करूनच पावतीपुस्तक छापा.

पहाटे रंकाळ्यावर फिरायला येणारी माणसं गाठा. ११ एप्रिल हा जागतिक पार्किन्सन दिन, तो मुहूर्त धरा. पण नुसता डबा पुढे करू नका, बोला. माझे वडील शाहूपुरीत गुळाच्या पेढीवर दिवाणजी होते. त्यांची खातेवही मी लोकांना दाखवतो: पान उलटेल तशी सही बारीक होत गेलेली, शेवटी मुंगीएवढी. हात थरथरायच्या आधी अक्षर आक्रसलं, आणि आम्हाला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. डोपामिन हे हालचालीला लागणारं रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी मरतात म्हणून हे होतं. लेव्होडोपा या औषधाने हालचाल सुधारते, पण पेशींचं मरणं थांबवणारं औषध अजून नाही. संशोधनाला पैसा लागतो तो यासाठी.

वही बघितली की माणूस थांबतो, स्वतःच्या घरातलं सांगायला लागतो. तेव्हा घाई करू नका, ऐकून घ्या.