ज्यू चित्रपट महोत्सवातील पुरस्कारांना बाहेर किती किंमत असते?

आपण अलिबाग परिसरातील एका बेने इस्राएल (कोकणातील मराठी भाषक ज्यू) कुटुंबावर मराठी लघु माहितीपट केला आहे आणि स्वतः ज्यू नसताना तो परदेशातील ज्यू चित्रपट महोत्सवाला पाठवावा का, तिथल्या पुरस्कारांना बाहेर काही किंमत असते का, असे विचारले आहे. बे एरियात राहत असताना मी सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्यू चित्रपट महोत्सवाला नेमाने जात असे, म्हणून मुख्यतः त्याच्याविषयी लिहितो.

पाठवावा, हे माझे स्पष्ट मत आहे. तिथे विचार होतो तो चित्रपटाच्या विषयाचा, दिग्दर्शकाच्या धर्माचा नव्हे. डेबोरा कॉफमन यांनी १९८० साली स्थापन केलेला हा महोत्सव जगातील आपल्या प्रकारचा पहिला मानला जातो. हॉलिवूडच्या उभारणीत ज्यू निर्मात्यांचा वाटा मोठा असला, तरी पडद्यावरचा ज्यू माणूस बहुधा ठरावीक साच्यातलाच दिसे. तो साचा मोडणारे स्वतंत्र चित्रपट लोकांसमोर आणावेत, हा त्यामागचा हेतू होता. १९९० मध्ये, सोव्हिएत संघ अजून अस्तित्वात असताना, याच मंडळींनी मॉस्कोत ज्यू चित्रपट महोत्सव भरवला. कोकणातला, मराठी बोलणारा ज्यू अशा ठिकाणी परका ठरण्याचे काहीच कारण नाही.

आता पुरस्कारांविषयी. परीक्षकांचे पुरस्कार असतात आणि प्रेक्षकांच्या मतांवर ठरणारेही असतात. आपल्या कामाची गोष्ट अशी, की लघु माहितीपटांच्या गटात हा महोत्सव ऑस्करच्या पात्रतेसाठी मान्यताप्राप्त आहे, म्हणजे इथला त्या गटातील विजेता ऑस्करच्या स्पर्धेत उतरू शकतो; मात्र प्रवेशिका भरण्यापूर्वी त्या वर्षीचे नियम अवश्य वाचावेत.

तरीही या महोत्सवाचा स्वभाव मला सर्वांत जास्त कळला तो त्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्य पुरस्कारामुळे. २०११ साली तो हॉलिवूडचे अभिनेते किर्क डग्लस यांना मिळाला. रशियन साम्राज्यातून आलेल्या एका गरीब भंगारवाल्याचा हा मुलगा; ‘स्पार्टाकस’ चित्रपटाच्या वेळी त्यांनी काळ्या यादीतील (कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडने काम नाकारलेले) लेखक डाल्टन ट्रंबो यांचे नाव उघडपणे श्रेयनामावलीत येऊ दिले होते. पुढे हाच सन्मान अभिनेत्री ली ग्रँट यांना मिळाला, ज्यांना पतीविरुद्ध साक्ष देण्यास नकार दिल्यामुळे सुमारे १२ वर्षे हॉलिवूडमध्ये काम मिळाले नव्हते.

असा पुरस्कार देणाऱ्या संस्थेला स्वतःचीही परीक्षा द्यावी लागते, आणि ती २००९ मध्ये झाली. २००३ साली गाझातील रफाह येथे इस्रायली लष्कराच्या बुलडोझरखाली मरण पावलेल्या रेचल कॉरी या अमेरिकन तरुणीवरील सिमोन बिटन यांचा माहितीपट महोत्सवाने निवडला आणि रेचलच्या आईलाही बोलावले. तिथल्या ज्यू समाजात मोठे वादळ उठले, महोत्सवाच्या मंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि पुढच्याच वर्षी स्थानिक ज्यू फेडरेशनने (ज्यू संस्थांना निधी देणाऱ्या संघटनेने) आपण कोणत्या कार्यक्रमांना निधी देणार याचे नियम घालून दिले. चित्रपट मात्र दाखवला गेला, आणि विरोधी बाजूच्या वक्त्यालाही त्याच व्यासपीठावरून बोलू दिले गेले. मला त्या पुरस्काराचा आदर वाटतो तो या घटनेमुळे.

कॅस्ट्रो चित्रपटगृहातील एक संध्याकाळ अजून आठवते. १९२२ सालचे ते भव्य सभागृह. खेळापूर्वी ऑर्गनवादन चालायचे आणि दिवे मंदावत जायचे. चित्रपट संपल्यावर माझ्या शेजारच्या वृद्ध जोडप्याने आपापल्या मतपत्रिका भरल्या आणि एकमेकांच्या पाहिल्या. आजींनी पूर्ण गुण दिले होते, आजोबांनी सर्वांत कमी. बाहेर फुटपाथवर पोहोचेपर्यंत दोघे तावातावाने बोलत होते, पण हात मात्र एकमेकांच्या हातात होता. आपल्याला लाभणारा प्रेक्षक असा असेल.

म्हणून एक विनंती आहे. त्या प्रेक्षकाला समजावे म्हणून चित्रपट सोपा करू नका. एलियाहू हनबी या प्रेषिताच्या नावाने होणाऱ्या मलिदा या विधीत पोहे कालवणारे हात, त्यावर पडणारे खवलेले ओले खोबरे, मराठीतून चाललेली घरातली बोलणी आणि मध्येच येणारी हिब्रू प्रार्थना, हे सर्व निवेदनाचा भार न घालता तसेच राहू द्या. इंग्रजी उपशीर्षके मात्र चांगल्या अनुवादकाकडून करून घ्या. बेने इस्राएलांना मिळालेल्या ‘शनवार तेली’ या नावात शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवसही आहे आणि तेलाचा घाणाही. उपशीर्षकात त्यातला एकच अर्थ उरला, तर ते कुटुंब कोण आहे हेच प्रेक्षकाला कळणार नाही.