रिकामी गोळी असं काही नसतं

प्रश्न असा आलाय की आम्हा मित्रांना ॲक्शन पिक्चरमधल्या चुका काढायचा नाद आहे, तर हिरोने पिस्तूल झाडल्यावर बाजूला टणटण पडतात त्यांना ‘रिकाम्या गोळ्या’ म्हणायचं की ‘काडतुसं’, आणि कंटिन्युइटी मिस्टेकला मराठीत बरा शब्द आहे का. विचारणारे कणकवलीकडचे आहेत म्हणून जरा प्रेमाने सांगतो, नाहीतर ‘रिकाम्या गोळ्या’ ऐकलं की माझं डोकंच फिरतं.

अहो गोळी रिकामी कशी असेल? गोळी भरीव असते, ती नळीतून सुटली की गेली, समोरच्याला लागो नाहीतर भिंतीला. खाली पडते ती पुंगळी. पेपरात कितीदा येतं, ‘घटनास्थळी दोन पुंगळ्या सापडल्या’, म्हणजे शब्द आहे, छान आहे, वापरात आहे, फक्त डबिंगवाल्यांच्या आणि चुका काढणाऱ्यांच्या कानावर पडलेला दिसत नाही. पुंगळी, तिच्या पोटात दारू, बुडाला ठिणगी पाडणारी इवलीशी टोपी आणि तोंडाशी बसवलेली गोळी, या सगळ्या बिऱ्हाडाचं नाव काडतूस. उडायचं बाकी असेल तर जिवंत काडतूस. संपलं.

आणि हा फरक नुसता किस काढायचा म्हणून नाही बरं का, तुमच्या चुका काढायच्या धंद्यात त्याचाच उपयोग आहे. पोस्टरवर किंवा स्लो मोशनमध्ये हिरोच्या दिशेने हवेतून येणारी ‘गोळी’ कधी नीट बघा, कितीतरी वेळा ती मागच्या पितळी पुंगळीसकट उडत असते, म्हणजे न फुटलेलं अख्खं काडतूस कुणीतरी हाताने भिरकावल्यासारखं. चित्र काढणाऱ्याच्या डोक्यात गोळी नि काडतूस एकच असलं की असं होणारच. दुसरं म्हणजे रिव्हॉल्व्हर. रिव्हॉल्व्हरमधून पुंगळ्या आपोआप पडतच नाहीत, त्या चक्रीतच बसून राहतात, चक्री उघडून हाताने काढाव्या लागतात. तरी हिरो रिव्हॉल्व्हर झाडतो नि मागून फरशीवर टिणटिण आवाज येतो, तो साउंडवाल्याच्या सवयीचा असतो.

असो, मला बोलायचंय ते काडतूस या शब्दावर.

हिंदी व्याकरणाची गाइडं उघडा, फ्रेंच शब्दांच्या यादीत कूपनच्या शेजारी कारतूस बसलेलं हमखास सापडेल. फ्रेंच ‘कार्तूश’ म्हणे. आपल्याकडचेही काही विद्वान तेच उतरवून काढतात, वर गारद्यांचा, म्हणजे कवायती बंदूकधारी पायदळाचा, दाखला देतात की पेशव्यांचा इब्राहिमखान गारदी आधी फ्रेंच सेनापती बुसीकडे होता, म्हणून काडतूस फ्रेंचांकडून आलं. घाटावर बसून कोकणाकडे पाठ केली की असे सिद्धांत सुचतात. अरे फ्रेंचांची कंपनीच निघाली 1664 साली, पोर्तुगीज गोव्यात बसले 1510 ला, पुढे चौल, वसई, सगळा किनारा त्यांच्या तोफांखाली, 1739 ला चिमाजीअप्पांनी वसई घेईपर्यंत आपली त्यांच्याशी झटापट चाललेली, आणि ज्यांच्या बंदुकीचा आवाज आपण दीड-दोन शतकं ऐकला त्यांचा शब्द सोडून मागून आलेल्यांचा उचलला? चावी, पगार, घमेलं, तुरुंग, लिलाव ही सगळी पोर्तुगीज मंडळी घरात घेतली नि ‘कार्तूशु’ला तेवढा उंबऱ्यावर अडवला? पोर्तुगीजांचा ‘त्रोंकु’ शेवटचा स्वर टाकून तुरुंग झाला, तसंच हे. ‘पिस्तोला’चं पिस्तूल झालं, तेही नपुंसकलिंगी, त्यातही तोच दीर्घ ऊ. पिस्तूल आणि काडतूस ही एका गलबतातून उतरलेली भावंडं आहेत, फ्रेंचवाल्यांनी एकाला खुशाल दत्तक घेतलंय.

मुळात या शब्दाचा अर्थ कागद. लॅटिन ‘कार्ता’, त्याच्या मागे ग्रीक, त्याच्या मागे इजिप्तचा पपायरस. कागदाच्या सुरळीत मापून दारू आणि गोळी बांधायची, ती सुरळी म्हणजे काडतूस. शाळेत आपण 1857 चं कारण पाठ केलं की काडतुसांना चरबी होती नि ती दातांनी तोडावी लागायची, पण पितळेची वस्तू दातांनी कशी तोडतील हे कुठल्या गुरुजींनी सांगितलं? ती एनफिल्ड बंदुकीची कागदी काडतुसं होती, दातांनी कागद फाडायचा, दारू नळीत ओतायची, मग चरबी लावलेल्या कागदासकट गोळी गजाने आत ठासायची. सैन्यात धातूची काडतुसं रूढ झाली ती त्यानंतर. तेव्हा 1857 च्या सीनमध्ये शिपायाच्या पट्ट्यात चकचकीत पितळी काडतुसं दिसली तर ती चूक तुमच्या वहीत पहिल्या पानावर लिहा.

आता माझा लाडका मुद्दा, जो कुठल्याच कोशवाल्याला पटत नाही. ‘कार’चा ‘काड’ का झाला? हिंदीत र शाबूत राहिला, आपल्याकडेच ड कुठून आला? माझं म्हणणं, भातशेतीच्या माणसाने हा परका शब्द ऐकला नि त्यात त्याला ओळखीचे दोन शब्द सापडले, काड आणि तूस. भात भरडलं की दाणा निघून जातो नि मागे उरतं ते तूस. बार काढला की गोळी निघून जाते नि मागे उरते ती पुंगळी. सांगा, याहून चपखल काय असेल? एका पुणेकर अभ्यासकाने मला ऐकवलं की काड गव्हाचं असतं, भाताचा तो पेंढा, म्हणून तुमचा सिद्धांत बाद. गव्हाचं तर गव्हाचं, तूस तर आमचंच आहे ना? आणि लोक शब्द वळवतात ते कानाने, कृषी खात्याला विचारून नाही. याला लेखी पुरावा मागतात, लोकांच्या तोंडात शब्द वळला त्याची पावती कोण फाडून ठेवणार?

कोकणात अजून ठासणीचा नि काडतुसाचा असे दोन्ही जमाने एकत्र नांदताना दिसतात हेही यांना माहीत नसतं. डुकरं आणि माकडं शेत ठेवत नाहीत म्हणून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदुका आहेत, इलेक्शन आली की त्या पोलीस स्टेशनात जमा करायची कटकट आहे, आणि त्यांत ठासणीची आहे तशी बारा बोअरची दुनळीही आहे. ठासणीवाल्याला काडतूस विचारलंत तर तो म्हणेल, ‘हेका काडतूस खयचा, ठासूक व्हया.’ दारू, वर बोळा, वर छर्रे, गजाने ठासायचं, पुंगळीचा प्रश्नच नाही. दुनळीचं काडतूस मात्र हातात घेऊन बघा, बूड पितळी आणि वरची नळी आता प्लास्टिकची असते, पण जुन्या माणसांनी जाड पुठ्ठ्याची पाहिलेली असेल. म्हणजे कागद परवापरवापर्यंत अंगावर होता. पिक्चरमधल्या गावाकडच्या आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीतून एकामागून एक चार बार निघाले की आमच्याकडचं पोरगंही हसेल.

घोड्याबद्दलही एक सांगून टाकतो, कारण सबटायटलवाले चापाला घोडा म्हणतात. बोटाने ओढतात तो चाप, मागून आपटतो तो घोडा. ग्लॉक पिस्तुलाला बाहेर घोडा नसतोच, तरी व्हिलनने ते कपाळाला लावलं की ‘खट्’ करून घोडा ओढल्याचा आवाज घालतातच. आणि एके-47 चं तीस काडतुसांचं मॅगझीन बोट दाबून धरलं तर साधारण तीन सेकंदांत रिकामं होतं, मिनिटाला सहाशेचा वेग म्हणजे हिशोब सोपा आहे. पिक्चरमध्ये तेवढ्यात हिरोचा डायलॉगही संपत नाही.

कंटिन्युइटीचं राहिलं. कंटिन्युइटीच म्हणा, शूटिंगवाली मराठी माणसं तेच म्हणतात. एका शॉटला जमिनीवर पुंगळ्यांचा सडा नि पुढच्या शॉटला फरशी झाडून काढलेली, ही झाली कंटिन्युइटीची चूक, ती सांगायला पुंगळी शब्द पुरतो.

जाता जाता, ‘बंदुकीची गोळी’ यावर मात्र कुणी हरकत घेत नाही याची मला मजा वाटते. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे एक कवचाचं फळ, हेझलनट म्हणतात ते, मग तेवढी गोळी, आणि मग ती गोळी उडवणारं हत्यार. तोफेचंही तसंच, तुर्की ‘तोप’ म्हणजे चेंडूसुद्धा. म्हणजे बंदुकीची गोळी म्हणजे गोळीचीच गोळी. व्हेनिसला अरबीत ‘अल-बुंदुकिया’ म्हणतात म्हणून बंदूक व्हेनिसहून आली असं सांगणारेही आहेत. त्यांनी आणि काडतूसवाल्या फ्रेंचपंथीयांनी मिळून एक मंडळ काढावं, मी वर्गणी देतो.