जाळलेला देह पुन्हा कसा उठेल?

करोनाच्या लाटा ओसरल्यापासून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांकडून एकच प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. घरचा माणूस इस्पितळात गेला, परिस्थितीच अशी होती की त्याला पुरण्याऐवजी दहन द्यावे लागले आणि आता प्रार्थनेत ‘देहाचे पुनरुत्थान’ (शेवटी देव मृतांना देहासह पुन्हा उठवील, ही श्रद्धा) हे शब्द आले की जीभ अडखळते. त्यांपैकी एका बाईंची हकिकत, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे देत आहे.

त्या वसईच्या, काथोलिक, साठी ओलांडलेल्या. मी त्यांना मावशी म्हणत असे. दुसऱ्या लाटेत पती गेले तेव्हा त्या स्वतः आजारी, विलगीकरणात होत्या आणि स्मशानात मुलगा एकटाच होता. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारले, “ताई, मातीत पुरलेला माणूस उठेल, हे मला पटते. पण ज्याची मूठभर राख झाली, त्याचे देव काय करणार?”

असा प्रश्न आला की त्यामागचे दुःख शोधायला धावायचे, ही आमच्या व्यवसायातली जुनी खोड आहे. ही घाई मला मान्य नाही. माणूस श्रद्धेचा प्रश्न विचारत असेल, तर त्याला आधी श्रद्धेच्या भूमीवरच उत्तर मिळाले पाहिजे. त्याला टाळून आपण भावनांकडे वळलो, तर त्याच्या बुद्धीचा अपमान होतो आणि तो पुढचे काही सांगत नाही. म्हणून पहिल्या तीन भेटी आम्ही केवळ या प्रश्नासाठी दिल्या.

बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15 व्या अध्यायातला बियाण्याचा दाखला मी दिला: पेरलेले बी मरते आणि नव्या रूपात उगवते. तो त्यांना प्रवचनांतून पाठच होता, त्यामुळे काही हलले नाही. काथोलिक चर्चने 1886 मध्ये दहनाला मनाई केली होती, ती 1963 मध्ये उठवली आणि 1983 च्या धर्मसंहितेत दफनाला प्राधान्य देऊनही दहनाची मुभा ठेवली, हेही सांगितले. “नियम बदलला म्हणून देह कसा जुळेल?” असे त्यांनी विचारले आणि तो आक्षेप अगदी रास्त होता. पुरलेला देहही मातीत विरतो, मुंबईच्या दफनभूमींत जागेअभावी काही वर्षांनी कबर पुन्हा उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, हे त्यांनी पाहिलेले होते. तरीही त्या म्हणाल्या, “हाडे तरी असतात ना?”

तेव्हा मी त्यांना इसवी सन 177 मधली ल्योंची घटना सांगितली. गॉल प्रांतातल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, त्या शहरात अनेक ख्रिस्ती स्त्री-पुरुषांना छळ करून मारले गेले. मारणाऱ्यांनी त्यांचे देह सहा दिवस उघड्यावर ठेवले, मग जाळले आणि राख ऱ्होन नदीत लोटली, कण मागे उरू दिला नाही. हेतू उघड होता: या लोकांना पुन्हा उठण्याची जी आशा आहे, तीच बुडवायची. चर्चचा आद्य इतिहासकार युसेबियस याने हे नोंदवले आहे. चर्च मात्र त्या हुतात्म्यांचा सण आजही पाळते. नदीने राख नेली म्हणून त्यांच्या पुनरुत्थानाविषयी कोणी शंका घेतली नाही.

मावशी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे माझा हिशेब त्या मारणाऱ्यांचाच झाला की!”

इतक्या वर्षांच्या कामात इतके नेमके वाक्य मी क्वचितच ऐकले आहे, आणि ते त्यांचे त्यांना सुचले याचा मला आजही आनंद वाटतो. त्यानंतर जे बाहेर आले, ते त्यांनी तोवर कोणालाही सांगितले नव्हते. राख घरीच होती, सुकेळी ठेवण्याच्या स्टीलच्या डब्यात, कपाटावर. झाकणाला चिकटपट्टी लावलेली. घर झाडताना त्या डब्याभोवती फडके फिरवत, पण डबा हलवत नसत. कण इकडेतिकडे सांडला तर देवाला तो शोधावा लागेल, अशी भीती.

“मावशी, या राखेची राखण तुमच्याकडे कोणी दिली?”

“कोणी नाही. शेवटचा हात लावता आला नाही, म्हणून मीच घेतली.”

पतीचा आत्मा देवाजवळ आहे, याविषयी त्यांना कधीच शंका नव्हती. देहाचा निरोप तेवढा त्यांच्या वाट्याला आला नव्हता. आधी प्रश्नाचे सरळ उत्तर मिळाले नसते, तर हा डबा माझ्यासमोर कधीच उघडला नसता, असे माझे ठाम मत आहे.

ज्यांच्या घरी असाच डबा असेल, त्यांनी संकोच न करता आपल्या फादरांशी बोलावे. 2016 मध्ये व्हॅटिकनने दिलेल्या सूचनेप्रमाणे राख घरी न ठेवता, वाऱ्यावर वा पाण्यात न सोडता, पवित्र जागी ठेवायची असते. आणि नातेवाइकांनी ‘देवाची इच्छा’ म्हणून शंका मिटवू नये. शंका घेणाऱ्याला पुरते बोलू द्यावे.

मावशींच्या पतीची राख पुढे त्यांच्या आईवडिलांच्या कबरीत विधीपूर्वक ठेवली गेली. मुलाने फोनवर सांगितले की, माती लोटताना पुढे केलेले फावडे मावशींनी नाकारले, खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी माती लोटत राहिल्या.