चेहऱ्याच्या आधी ताट

सोलापूर,
एप्रिलचा दुसरा आठवडा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे ट्यूबचे छायाचित्र काल मिळाले. चेहऱ्यावरची मुरमे, कंगव्यात येणारे केसांचे पुंजके आणि दुपारी चारनंतर अभ्यासिकेत डोळ्यांसमोर येणारी अंधारी, या तिन्ही गोष्टी तू वेगवेगळ्या लिहिल्या आहेस. शेवटी, तीन आठवडे लावलेल्या ट्यूबने रंग उजळल्यासारखा वाटतो, तर दुसरी आणू का, असे विचारले आहेस. आणू नकोस. बाकीचे नंतर सांगते, आधी हे एवढे मनावर घे.

छायाचित्रातली अक्षरे भिंग लावून वाचली. त्या ट्यूबमध्ये मोमेटासोन हे स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन हे रंगद्रव्य कमी करणारे औषध आणि त्वचेचा वरचा थर झपाट्याने बदलणारे ट्रेटिनॉइन, अशी तीन औषधे आहेत. वांग आलेल्या रुग्णाला त्वचारोगतज्ज्ञ हे मिश्रण देतात, पण मोजक्या आठवड्यांसाठी आणि स्वतःच्या देखरेखीखाली देतात. तुझ्या मैत्रिणीने ते गोरे होण्याचे क्रीम म्हणून तुझ्या हाती ठेवले. स्टेरॉइड त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि दाह दाबून टाकते, त्यामुळे पहिले काही आठवडे चेहरा उजळ आणि नितळ दिसतो, आणि इथेच माणूस फसतो. पुढे त्वचा पातळ होते, गालांवर लाल रेषा दिसू लागतात, उन्हात आग होते, लव वाढते आणि ज्या मुरमांसाठी ट्यूब आणली तीच मुरमे दुपटीने उठतात. ट्यूब बंद केली की चेहरा भडकतो, म्हणून पुन्हा तीच लावावीशी वाटते. त्यात ट्रेटिनॉइनने त्वचा उन्हाला हळवी होते, आणि आपण राहतो सोलापुरात, जिथे एप्रिल-मे महिन्यांत पारा अनेकदा चाळिशी ओलांडतो.

हे मी एवढ्या तपशिलाने लिहिते आहे, त्याला कारण आहे. औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून मी ३१ वर्षे काढली. अशा ट्यूब मागायला तुझ्याच वयाच्या मुली यायच्या, आणि सुरुवातीची कित्येक वर्षे मी चिठ्ठी न मागता त्या दिल्या. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली, त्याच्या आधीच मी देणे थांबवले होते. पण मी थांबले ते एका मुलीचा चेहरा पाहिल्यावर. दोन वर्षे दर महिन्याला ती माझ्याकडूनच ट्यूब नेत होती, आणि एके दिवशी ओढणी बाजूला करून तिने मला गाल दाखवले. त्या दिवसापासून मी हा विषय कोणाशीही उडत-उडत बोललेली नाही. नायट्याचेही असेच आहे. घामाच्या दिवसांत मांडीत किंवा कमरेला नायटा उठतो, कोणीतरी तीन-चार औषधांचे मिश्र मलम देते, स्टेरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी मात्र आत पसरत राहते. तुझ्या खोलीत चौघी एकच टॉवेल वापरत असाल, तर आजपासून वेगळे करा.

घरी स्थळे पाहायला सुरुवात झाली आहे आणि आई रंगाचा विषय काढते, असे तू दबकत लिहिले आहेस. तुझ्या आईला मी ओळखते. तिला तुझी काळजी आहे आणि ती काळजी तिच्या तोंडून अशा शब्दांत बाहेर पडते. तरी तिला सांग, आणि तुला जमत नसेल तर मी सांगेन, की तुझ्या त्वचेतले मेलॅनिन, म्हणजे तिला रंग देणारे द्रव्य, हे या मुलखातल्या उन्हापासून तुला मिळालेले संरक्षण आहे. ते खरवडून काढण्यासाठी औषध लावणे म्हणजे भर दुपारी घराचे छप्पर उतरवणे होय. घरगुती म्हणून लिंबू किंवा खाण्याचा सोडाही चेहऱ्याला लावू नकोस. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा अक्षरशः भाजते.

आता ताटाकडे वळू. चेहऱ्याविषयी विचारले तर काकू जेवणाचे काय विचारतात, असे तुला वाटले असेल. सकाळी चहा आणि चार बिस्किटे, दुपारी मेसमधल्या दोन पोळ्या, पातळ वरण व बटाट्याची भाजी, आणि रात्री बाहेरचा वडापाव किंवा पोहे, हा तुझा दिवस तूच लिहून कळवला आहेस. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. तुझे वजन ५० किलो धरले, तर साधारण ४१-४२ ग्रॅम झाली. तू लिहिलेल्या ताटात ती जेमतेम निम्मी भरतात. केस आणि त्वचा दोन्ही प्रथिनांची बनलेली आहेत, आणि शरीराला तुटवडा पडला की ते हृदय-मेंदूचा वाटा आधी राखते व केसांचा कापते. शिवाय केस लगेच गळत नाहीत, आबाळ सुरू झाल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी गळू लागतात. तू जानेवारीत, गड्ड्याची यात्रा चालू असताना, इथे राहायला आलीस. हिशेब तूच करून पाहा.

मला खरे वाईट वाटले ते याचे की तू मंगळवेढ्याची मुलगी आहेस. तुमच्या काळ्या रानातल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, लांबलांबचे लोक मालदांडी म्हणून ती मागून नेतात, आणि त्याच घरातली लेक सकाळी मैद्याच्या बिस्किटांवर दिवस काढते. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, तेवढाच तंतुमय भाग आणि ४ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते, आणि दोन बेताच्या भाकरींना साधारण एवढेच पीठ लागते. खोलीवर शेगडी नाही, ही तुझी अडचण मला ठाऊक आहे. पण आपल्याकडची कडक भाकरी हे त्यावरचेच उत्तर आहे. ती पापडासारखी वाळलेली असते, कोरड्या डब्यात कितीतरी दिवस टिकते आणि तिला चूल लागत नाही. आईकडून एक डबा भरून आण, नाहीतर इथल्या बाजारात घे. सकाळी वाटीभर दह्यात दोन भाकरी कुस्करून त्यावर शेंगदाण्याची चटणी घेतलीस, तर बिस्किटांच्या आठवणीने जीव कासावीस होणार नाही. चटणीत २५ ग्रॅम दाणे गेले तरी ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. तेलही भरपूर मिळते, म्हणून दोन चमच्यांवर थांब, आणि विकतच्या चटणीत मीठ फार असते म्हणून आईच्या हातचीच बरी.

ज्वारीत लायसिन नावाचा प्रथिनांचा एक घटक कमी असतो आणि तो दाण्यांनीही पुरेसा भरून निघत नाही. तो दह्यातून आणि डाळी-कडधान्यांतून येतो. मटकी, हुलगा किंवा मूग रात्री भिजत घालून दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून ठेवायला शेगडी लागत नाही. मोड आलेले मूग कांदा, मीठ, लिंबू घालून कच्चेही खाता येतात, मात्र ते स्वच्छ पाण्याने तीनदा धू आणि उन्हाळ्यात आंबूस वास आला तर सरळ टाकून दे. तू अंडी खातेस, हे मला माहीत आहे. उकडलेल्या एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने असतात आणि ब-१२ हे जीवनसत्त्वही असते, जे वनस्पतीजन्य अन्नात जवळजवळ मिळत नाही.

डोळ्यांसमोरच्या अंधारीचे कारण मला रक्तात शोधावेसे वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, म्हणजे हे दुखणे दर दुसऱ्या घरात आहे आणि तरीही आपण त्याला थकवा म्हणून सोडून देतो. तुझ्या वयाच्या मुलीला रोज सुमारे २९ मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला १९ पुरते. अंबाडी आणि मेथी यांसारख्या पालेभाज्या, हुलगा, अळीव, खात असशील तर मटण, यांतून ते येते. पण जेवताजेवता चहा घेतलास तर त्यातली टॅनिन नावाची तुरट द्रव्ये ते लोह अडवतात, आणि भाजीवर अर्धे लिंबू पिळलेस तर तेच लोह अधिक शोषले जाते. चहा सोड असे मी म्हणत नाही. जेवणाच्या आधी-नंतर तासभर अंतर ठेव. आणखी एक गोष्ट सांगते, जी इथे पुष्कळांना पटत नाही. आपल्या जिल्ह्याच्या डाळिंबाचा मलाही अभिमान आहे, त्यावरचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्याच शहराजवळ केगावला आहे, पण दाणे लाल आहेत म्हणून रक्त वाढते हा समज खरा नाही. त्यात लोह अगदी थोडे असते. फळ म्हणून आवडीने खा, औषध म्हणून त्यावर विसंबू नकोस.

पाण्याविषयी तू जे चोरून एका ओळीत लिहिले आहेस, ते मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले. अभ्यासिकेतले स्वच्छतागृह घाण असते म्हणून तू दिवसभर पाणीच पीत नाहीस. किती मुली असे करतात आणि कोणाला सांगत नाहीत! या उन्हात असे केल्याने लघवीच्या जागी जळजळ आणि जंतुसंसर्ग होतो, मुतखडा होऊ शकतो आणि डोके दुखते ते वेगळेच. लघवीचा रंग फिकट पिवळा राहील इतके पाणी पोटात गेलेच पाहिजे, त्यासाठी लिटरभराच्या दोन बाटल्या सोबत ठेव आणि दुपारी ताक घे. त्या स्वच्छतागृहाबद्दल अभ्यासिकेच्या मालकांशी तुम्ही सगळ्या मुली मिळून बोला. फी तुम्हीही मुलांइतकीच भरता. एकटीला संकोच वाटत असेल तर मी सोबत येते. आणि नळाला रोज पाणी येत नाही म्हणून खोलीवर पिंप भरून ठेवत असाल, तर ते झाका आणि आठवड्यातून एकदा रिकामे करून घासून वाळवा, कारण डेंग्यूचा डास अशा स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो.

चेहऱ्याला लावण्याचे आता थोडक्यात. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही म्हणून तू तो जास्त चोळतेस आणि दिवसातून पाच वेळा तोंड धुतेस. त्याने त्वचेचा स्वतःचा ओलावा जातो. सौम्य फेसवॉशने दोनदा धुणे पुरे, बाहेरून आल्यावर नुसते पाणी. मग साधे, वास नसलेले, मुरमांच्या त्वचेला चालणारे मॉइश्चरायझर पातळ लाव. खोबरेल तेल हातापायांना उत्तम, पण कपाळावर ओघळू देऊ नकोस, त्याने छिद्रे बुजतात. एसपीएफ ३० चे सनस्क्रीन घराबाहेर पडण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीइतके लाव. स्कूटरवर स्कार्फ बांधतेस ते चांगलेच आहे, फक्त तो रोज धुतलेला असावा. मुरूम फोडू नकोस. महाग बाटल्यांची जी यादी तू पाठवली आहेस, तिच्यातले सध्या काहीही घेऊ नकोस, ते पैसे दूध-अंड्यांना लाव.

झोपेबद्दल मी तुझ्याशी वाद घालणार नाही. परीक्षा जवळ आहे हे मला कळते. तरी रात्री दोनला दिवे मालवून सहाला उठणारी मुलगी दुपारी चारला जे वाचते, त्यातले किती दुसऱ्या दिवशी आठवते, हे एक आठवडा वहीत नोंदवून मला दाखव. सात तास झोपलेला एक आठवडाही तसाच नोंदव.

ट्यूबचे आता काय करायचे, हे तू स्वतः ठरवू नकोस. काही जणींचा चेहरा एकदम बंद केल्यावर लाल होतो आणि जळतो, आणि मग घाबरून त्या पुन्हा तीच लावतात. म्हणून मंगळवारी आपण दोघी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जाऊ. तिथल्या त्वचारोग विभागात डॉक्टर तपासतील, ते सांगतील तसे बंद करू, आणि त्यांना विचारून हिमोग्लोबिनचीही तपासणी करून घेऊ. केसपेपरच्या रांगेत वेळ जातो, तेव्हा साडेआठला फाटकापाशी ये. दही-भाकरी खाऊन ये, पाण्याची बाटली भरून आण, आणि ट्यूबबरोबर तिचे खोकेही आण. घटकांची नावे त्यावर बारीक अक्षरांत असतात आणि डॉक्टर आधी तीच मागतील.

तुझी,
काकू