स्वादुपिंडाच्या नळ्या जुळल्या नाहीत, म्हणून स्टेंट घालायचा का?

प्रश्न : माझी मुलगी 23 वर्षांची आहे. परीक्षेच्या दिवसांत तिचं वरचं पोट दोन-तीनदा दुखलं. सोनोग्राफी नॉर्मल आली. मग एमआरसीपी (पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांचा एमआरआय) केली, त्यात 'पॅन्क्रियाज डिव्हिजम' असं आलं. दुखत असतानाच तपासलेलं लायपेज (स्वादुपिंडाला सूज आली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल होतं. ॲसिडिटीची गोळी घेतली की तासाभरात बरं वाटतं. एका डॉक्टरांनी दुर्बिणीतून नळीचं तोंड कापून स्टेंट (ते उघडं ठेवणारी बारीक पोकळ नळी) घालायला सांगितलंय. घालावा का? शिवाय तिच्या लग्नाचं बघतोय, हे समोरच्यांना सांगायला हवं का?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, माझ्या मुलीला असं झालं असतं तर मी आत्ता दुर्बीण घालू दिली नसती.

गर्भात स्वादुपिंड दोन कोंबांतून तयार होतं. सातव्या आठवड्याच्या सुमारास पुढचा कोंब फिरून मागच्याला चिकटतो आणि दोघांच्या नळ्याही जोडल्या जातात. तुमच्या मुलीत ग्रंथी जुळली, नळ्या तेवढ्या वेगळ्या राहिल्या; यालाच पॅन्क्रियाज डिव्हिजम म्हणतात. त्यामुळे बहुतेक रस आतड्यात मोठ्या तोंडाऐवजी त्याच्या थोडं वर असलेल्या छोट्या तोंडातून येतो. ओपीडीत मी हे कागदावर दोन रेघा काढून दाखवतो, आणि बघणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण तिथंच उतरतो. युरोप-अमेरिकेत शंभरातल्या पाच-दहा जणांत ही रचना सापडते. त्यांतल्या बहुतेकांना जन्मभर काहीही होत नाही.

स्वादुपिंडाची मोठी नळी 1642 साली इटलीतल्या पादुआत विरसुंग या शरीररचनातज्ज्ञाने शोधली. तिचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून त्याने युरोपातल्या विद्वानांना पाठवलं, पण ती रक्तवाहिनी आहे की आणखी काही, हे त्याला कळलं नव्हतं. आजही एमआरसीपीवर नळी दिसते, ती दुखण्याचं कारण आहे का हे मात्र दिसत नाही.

छोटं तोंड फार अरुंद असलं तर आत रस तुंबतो आणि स्वादुपिंडाला सूज येते, असं मानतात. थोड्या लोकांत ते खरंही असावं. पण वारंवार सूज येणाऱ्या अशा रुग्णांत पुष्कळदा जनुकातला बदलही सापडतो, त्यामुळे सगळा दोष नळीच्या माथी मारता येत नाही. शिवाय सूज आल्याचं आधी सिद्ध व्हायला हवं. स्वादुपिंडाचं दुखणं वरच्या पोटातून पाठीत जातं, तासन्‌तास टिकतं, उलट्या होतात, आणि लायपेज सहसा लॅबच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट किंवा त्याहून वर जातं. मुलीचं दुखणं गोळीने तासाभरात थांबतं. मला हे ॲसिडिटीचं वाटतं. जागरण, उपाशीपोटी चहा, दुखण्याच्या गोळ्या, हे आधी बघा.

दुर्बिणीचा धोकाही कमी लेखू नका. त्या छोट्या तोंडात तार घालतानाच चांगल्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, शंभरात पाच-दहा जणांना तरी येते. जे नाही ते आपणच ओढवून घ्यायचं का?

लग्नाबाबत : हा आजार नाही, शरीराची जन्मजात ठेवण आहे. संसार, बाळंतपण कशालाही तिची आडकाठी नाही. तेव्हा सांगायलाच हवं असं काही नाही.

रिपोर्ट मात्र फाईलमध्ये जपून ठेवा. पुढे कधी पाठीत जाणारं, न थांबणारं दुखलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी लायपेज करा. ते खरंच वाढलेलं निघालं, तर पित्ताचे खडे आणि ट्रायग्लिसराईड्स (रक्तातली चरबी) तपासून मगच नळीचा विचार करायचा.